'कार्ड बदल' म्हणण्याआधी

पीसीवर गेम अडखळतोय असं कुणी म्हटलं की दोन सल्ले हजर असतात. पहिला, "फॉरमॅट मार." तो मारून झाला आणि ढिम्म फरक पडला नाही की दुसरा, "कार्ड बदल." पहिल्यात एक रविवार जातो, दुसऱ्यात तीस-चाळीस हजार रुपये. सल्ला देणाऱ्याचं मात्र काही जात नाही. कार्ड बदलूनही उचक्या थांबल्या नाहीत तर "मग प्रोसेसर बॉटलनेक असणार" हे वाक्य त्याच्याकडे तयारच असतं.

आता बघा, आपल्यातले बरेच जण पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितात. प्रॉडक्शनवर पेज हळू उघडतंय अशी तक्रार आली, आणि लॉग न बघता, काहीही न मोजता कुणी "मोठा सर्व्हर घ्या" म्हणालं, तर आपण त्याच्याकडे कसे बघतो? (काही मॅनेजर लगेच "घ्या" म्हणतात, पण ते सोडा.) आणि तीच आपण माणसं घरी आलो, गेम लावला, पडदा फाटताना दिसला, की थेट सेलमधली ग्राफिक्स कार्डं बघायला लागतो. ऑफिसातली अक्कल लॅपटॉपच्या बॅगेतच राहते बहुतेक.

माझं म्हणणं सरळ आहे. चित्र फाटणं म्हणजे टेअरिंग आणि गेम अडखळणं म्हणजे स्टटर, हे दोन वेगळे आजार आहेत आणि दोन्हींत नवं कार्ड हे औषध क्वचितच असतं.

टेअरिंग आधी घेऊ, कारण त्याचं गणित स्वच्छ आहे. मॉनिटर चित्र एकदम दाखवत नाही, वरून खाली ओळीओळीने रंगवत आणतो. ६० हर्ट्झचा मॉनिटर हे काम सेकंदाला ६० वेळा करतो, म्हणजे एका फेरीला साधारण १६.७ मिलिसेकंद. ग्राफिक्स कार्ड मात्र त्याच्या तालावर चालत नाही. एखादी फ्रेम ९ मिलिसेकंदांत तयार होते, एखादी २०. मॉनिटर अर्ध्या पडद्यापर्यंत पोचलाय आणि कार्डाने तेवढ्यात नवी फ्रेम पुढे सरकवली, तर वरचा अर्धा भाग जुन्या फ्रेमचा आणि खालचा नव्याचा. कॅमेरा डावीकडे वळत असेल तर विजेचा खांब मधेच कापून सरकवल्यासारखा दिसतो. हेच टेअरिंग.

यात कार्ड कमजोर आहे असं कुठेच आलं नाही. उलट कार्ड जितकं तगडं तितक्या फ्रेम जास्त, आणि एकेका फेरीत फाटण्याच्या जागाही जास्त. त्या थोड्या बारीक दिसतात इतकंच. "एफपीएस मॉनिटरपेक्षा जास्त झाले तरच फाटतं" हाही गैरसमज आहे. ताल जुळला नाही की ४० एफपीएसलाही फाटतं.

यावरचा जुना उपाय म्हणजे व्ही-सिंक. नाव पिक्चर ट्यूबच्या जमान्यातलं. ट्यूबमधला किरण खालच्या कोपऱ्यात पोचला की परत वर जायला थोडा वेळ लागायचा, आणि चित्र बदलायचं तर त्या फटीत बदला असा नियम. ट्यूब गेली, फट राहिली. व्ही-सिंक लावलं की फाटणं बंद, पण त्याची किंमत मोजावी लागते. आपल्या मुंबईकरांना हे लोकलवरून पटकन कळेल. ८:१२ची लोकल दहा सेकंदांनी चुकली तर तुम्ही ऑफिसला दहा सेकंदांनी उशिरा पोचत नाही, पुढची गाडी येईपर्यंत फलाटावर उभे राहता. साध्या डबल बफरच्या व्ही-सिंकमध्ये १८ मिलिसेकंदांत तयार झालेली फ्रेम १६.७ची गाडी चुकते आणि ३३.३च्या गाडीने जाते. असं सतत होत राहिलं तर ५५ एफपीएस देऊ शकणारं कार्ड पडद्यावर ३० देतं. वर माउस हलवल्यावर चित्र हलायला जो वेळ लागतो तो वाढतो तो वेगळाच. काउंटर-स्ट्राइकवाली मंडळी व्ही-सिंकचं नाव काढलं तरी अंगावर येतात, ते यामुळे.

खरं उत्तर आलं ते मॉनिटरच्या बाजूने. एनव्हिडियाने ऑक्टोबर २०१३मध्ये जी-सिंक जाहीर केलं. एएमडीने जानेवारी २०१४मध्ये फ्रीसिंक दाखवलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात ती कल्पना अडॅप्टिव्ह-सिंक म्हणून डिस्प्लेपोर्टच्या मानकात आली. कल्पना एकच: गाडीचं वेळापत्रकच काढून टाका. मॉनिटरने फ्रेमची वाट बघायची, फ्रेम आली की रंगवायला घ्यायची. लोकलच्या ऐवजी शेअर रिक्षा, सीटा भरल्या की निघाली. जानेवारी २०१९पासून एनव्हिडियाची कार्डंही बऱ्याच फ्रीसिंक मॉनिटरांवर हे करू लागली. म्हणजे आज घरोघरी हा उपाय आधीच विकत घेतलेला असतो. फक्त तो चालू केलेला नसतो!

हे मी हवेत बोलत नाहीये. माझा आतेभाऊ पहिल्या नोकरीला लागलाय, पगार बेताचा. त्याचा फोन आला, "दादा, दुकानवाले काका म्हणतायत कार्ड जुनं झालं, अडतीस हजारांत नवं बसवून देतो. ईएमआय होईल म्हणतायत. घेऊ ना?" मी म्हटलं रविवारपर्यंत थांब. त्याच्याकडे जीटीएक्स १६६० सुपर आहे. वय झालंय हे मान्य, पण तो खेळतो ते गेम काही फार जड नाहीत. जाऊन बघितलं तर मॉनिटर १४४ हर्ट्झचा आणि विंडोजमध्ये रिफ्रेश रेट ६०. विंडोज कित्येकदा ६०वरच सुरू होतं आणि कुणी जाऊन बदलत नाही. केबल एचडीएमआयची. त्या कार्डाला फ्रीसिंक मॉनिटरशी ताल जुळवायला डिस्प्लेपोर्ट लागतो. ती केबल मॉनिटरच्या खोक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, न उघडलेली. ती लावली, मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत फ्रीसिंक चालू केलं, ड्रायव्हरमध्ये जी-सिंक चालू केलं, गेम १३८ एफपीएसवर बांधून टाकला. (१४४च्या थोडं खाली ठेवायचं, म्हणजे वरच्या हद्दीला आपटून पुन्हा रांग लागत नाही.) फाटणं संपलं. खर्च शून्य.

अडखळणं मात्र तसंच होतं. आणि इथे मूळ भानगड सुरू होते.

एफपीएस हा आकडा सरासरी आहे. एका सेकंदात ६० फ्रेम आल्या म्हणजे ६० एफपीएस. आता समजा त्यातल्या ५९ फ्रेम १२ मिलिसेकंदांत आल्या. झाले ७०८. उरलेल्या एका फ्रेमने २९२ मिलिसेकंद घेतले. एकूण एक सेकंद, ६० फ्रेम, कोपऱ्यातला आकडा ऐटीत ६० दाखवतोय, आणि तुमचा गेम पाव सेकंदापेक्षा जास्त वेळ थिजलेला आहे. समोरच्याने तुम्हाला गोळी घालायला तेवढा वेळ पुष्कळ झाला. सर्व्हरवाल्यांना हे नवीन नाही. सरासरी रिस्पॉन्स टाइम दाखवणाऱ्याला आपण "पी९९ सांग" म्हणतो. गेमच्या दुनियेत ही शहाणीव यायला २०११ साल उजाडावं लागलं. द टेक रिपोर्टच्या स्कॉट वॉसनने त्या वर्षी सेकंदाच्या आत डोकावून एकेक फ्रेमला किती वेळ लागला ते मोजून छापलं, आणि बेंचमार्कमध्ये जिंकणारी काही कार्डं प्रत्यक्षात जास्त अडखळतात हे उघडं पडलं. (पुढे तो एएमडीतच नोकरीला गेला.) आज "१ टक्का लो" म्हणून जो आकडा सगळे दाखवतात त्याचं मूळ तिथे आहे.

हे मोजायला पैसे लागत नाहीत. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर लावा, एफपीएसच्या आकड्याऐवजी फ्रेमटाइमचा आलेख पडद्यावर घ्या. इंटेलचं प्रेझेंटमॉन आहे, कॅपफ्रेमएक्स आहे. आलेख सपाट पण उंच असेल आणि जीपीयूचा वापर सतत ९७-९९ टक्के असेल, तर हो, कार्ड दमलंय. सेटिंग उतरवा, नाहीच भागलं तर कार्ड घ्या. आलेख खाली सपाट आणि मधेच ताडासारखे सुळके असतील तर कार्डाला हात लावू नका, गुन्हेगार दुसरीकडे आहे. आणखी सोपी परीक्षा हवी असेल तर रिझोल्यूशन ७२० करून बघा. एफपीएस वाढले नाहीत, तर कार्ड आधीपासूनच कुणाची तरी वाट बघत बसलं होतं. तिथे दुप्पट ताकदीचं कार्ड बसवलं तर ते दुप्पट ताकदीने वाट बघेल.

आतेभावाकडे सुळकेच सुळके होते आणि जीपीयू ५५ टक्क्यांवर आरामात. टास्क मॅनेजर उघडलं. रॅम ८ जीबी, ९७ टक्के भरलेली, मागे क्रोमचे बावीस टॅब आणि डिस्कॉर्ड. रॅम संपली की विंडोज डिस्कवर टाकतं, आणि डिस्क जुनी फिरती हार्ड डिस्क. नवीन गल्लीत शिरलं की उचकी. शिवाय रॅमची एकच स्टिक, म्हणजे सिंगल चॅनल, म्हणजे अर्धा रस्ता बंद. स्टिकवर ३२०० छापलेलं, चालत होती २४००वर, कारण बायोसमध्ये एक्सएमपी कुणी लावलंच नव्हतं. तशीच आणखी एक ८ जीबीची स्टिक घातली, एक्सएमपी लावलं, गेम एसएसडीवर हलवला. अडतीस हजारांच्या पाव हिश्शातही सगळं बसलं. दुकानदाराबद्दल माझी तक्रार एवढीच, की पीसी चालू करून पाच मिनिटं बघितलं असतं तर हे त्यालाही दिसलं असतं.

बाकीचे नेहमीचे संशयित तुम्हाला माहीत असतील: हीटसिंकवर बसलेली धूळ आणि एप्रिल-मेचा उकाडा, बॅटरीवर चालवलेला गेमिंग लॅपटॉप, कार्ड सोडून मदरबोर्डच्या पोर्टात खुपसलेली केबल. शेवटचं ऐकून हसू नका, होतं असं.

पण काही गुन्हेगार असे असतात की कितीही हुशार माणूस असला तरी अंदाजाने सापडणार नाहीत. माझं आवडतं उदाहरण रायझनवाल्यांचं आहे. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१मध्ये आलं, त्याला टीपीएम २.० हवं, म्हणून लोकांनी बायोसमध्ये जाऊन फर्मवेअर टीपीएम चालू केलं. मग काहींचे पीसी मधूनच एखादा क्षण गोठायला लागले, आवाजसुद्धा घरघरायचा. लोकांनी ड्रायव्हर बदलले, विंडोज फॉरमॅट केलं. मार्च २०२२मध्ये एएमडीने कबूल केलं, की फर्मवेअर टीपीएम मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपशी अधूनमधून लांबलचक व्यवहार करतं आणि तेवढा वेळ सगळी यंत्रणा थबकते. बायोसचं नवं अपडेट मे महिन्यापासून यायला लागलं. म्हणजे गेम अडखळत होता सुरक्षेच्या एका खात्यामुळे, ज्याचा ग्राफिक्सशी सुतराम संबंध नाही. २०२३मध्ये याच फर्मवेअर टीपीएमच्या रँडम नंबरवरून लिनक्सवालेही वैतागले, खुद्द लिनस टॉर्व्हाल्ड्स सुद्धा, आणि शेवटी कर्नेलमध्ये त्याचा तो वापरच बंद करण्यात आला. आता सांगा, इथे नव्या कार्डाने काय दिवे लावले असते?

आणि एक जात अशी आहे की तिथे तुमच्या पीसीचा काही दोषच नसतो. डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कनमध्ये शेडर नावाचे छोटे प्रोग्रॅम तुमच्या कार्डासाठी तुमच्याच मशीनवर कंपाइल करावे लागतात. ते काम आधी करून ठेवलं नाही तर स्फोट पहिल्यांदा दिसला की कंपाइल, नवा राक्षस पहिल्यांदा आला की कंपाइल, आणि दर वेळी एक उचकी. दुसऱ्यांदा तोच स्फोट गुळगुळीत. फेब्रुवारी २०२२मध्ये एल्डन रिंग आला तेव्हा हजारो डॉलरच्या पीसीवर तो अडखळत होता. आणि स्टीम डेकवर, त्याहून कितीतरी गरीब यंत्रावर, शेडरच्या बऱ्याच उचक्या नव्हत्या, कारण सगळ्या डेकचं हार्डवेअर सारखं, म्हणून वाल्व्ह कंपाइल केलेले शेडर आयतेच पाठवून देते.

इथे मला गेम कंपन्यांचा राग येतो. पूर्ण किंमत घ्यायची आणि कंपाइल करण्याचं काम गिऱ्हाइकाच्या ऐन लढाईत करायचं, हा काय प्रकार? काहींनी सुधारणा केली, गेम सुरू होतानाच शेडर बांधून घ्यायला लागले. मार्च २०२३मध्ये पीसीवर आलेल्या द लास्ट ऑफ अस पार्ट वनने हेच केलं, पण ते काम इतकं लांबलं की लोक पडद्यावरचा टक्का बघत बसले. स्टीमवर गेम परत करायचा तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असावा लागतो. शेडर बांधण्यात गेलेला वेळसुद्धा त्या दोन तासांतच मोजला जात होता.