इंटरव्ह्यूनंतरचं ‘मी तुमच्याकडेच येणार’ पत्र

फेब्रुवारी-मार्च आला की एडिसन-प्रिन्स्टन पट्ट्यातल्या आपल्या मराठी घरांत तोच प्रश्न फिरायला लागतो. मुलीचा मेडिकल स्कूलचा इंटरव्ह्यू चांगला झाला, पण दोन महिने कॉलेज गप्प. आता लेटर ऑफ इंटेंट पाठवायचं का? म्हणजे ‘तुम्ही घेतलंत तर मी तुमच्याकडेच येणार, बाकी सगळं सोडून’ असं लेखी कळवायचं का?

माझं मत आधीच सांगते. बहुतेक वेळा या पत्राने काहीही हलत नाही. कधी हलतं, पण ते ठराविक वेळी आणि ठराविक कॉलेजात. आणि खर्चाचा आकडा हातात येण्याआधी हे पत्र लिहू नये. या शेवटच्या मुद्द्यावर कोणी बोलत नाही, म्हणून एवढी लांब पोस्ट.

आपण आई-बाप गोंधळतो याचं कारण सरळ आहे. आपण मेरिट लिस्टच्या जगात वाढलो. तिकडे आजही नीटचे मार्क, रँक, कॅटेगरी आणि राउंड. तिथे पत्र लिहून कोणी सीट देत नाही. इथे मात्र निबंध, शिफारसपत्रं, इंटरव्ह्यू, सगळंच मोजतात आणि कसं मोजतात ते सांगत नाहीत. मग आपल्या डोक्यात लगेच ‘एखादा शब्द टाकायला हवा’ सुरू होतं. हे पत्र म्हणजे आपल्याला वशिल्याचं सभ्य रूप वाटतं. तसं ते नाही हो.

वर्षाला साधारण ५२ हजार मुलं एमडीसाठी अर्ज करतात आणि २३ हजारांच्या आसपास आत जातात. एकेक जण पंधरा-वीस कॉलेजांत अर्ज टाकतो. त्यामुळे कॉलेजला खरी काळजी असते ती ‘आपण घेतलेला मुलगा येणार की नाही’ याची. तरीसुद्धा इंटरव्ह्यूनंतर कमिटी बसते, गुण देते, मत देते. त्यानंतर आलेलं पत्र ते मत फारसं बदलत नाही. काही कॉलेजं तर स्पष्ट सांगतात की इंटरव्ह्यूनंतर काही पाठवू नका. तिथे पाठवणं म्हणजे सूचना वाचली नाही हे स्वतःच्या सहीने कळवणं.

फरक पडतो तो वेटलिस्टवर. एएएमसीच्या वेळापत्रकाप्रमाणे १५ एप्रिलपर्यंत जास्तीत जास्त तीन ऑफर हातात ठेवायच्या आणि ३० एप्रिलपर्यंत एकच. त्यानंतर जागा रिकाम्या व्हायला लागतात. मे महिन्यात अचानक चार सीट उघडल्या तर फोन कोणाला करायचा? जो लगेच ‘हो’ म्हणेल त्याला. तिथे खरं, एका पानाचं, त्या कॉलेजबद्दल नेमकं काही सांगणारं पत्र उपयोगी पडू शकतं. हमी तेव्हाही नाही.

आता पैसे. खासगी मेडिकल स्कूलचा चार वर्षांचा राहण्या-खाण्यासकट खर्च साडेतीन लाख डॉलरच्या पुढे सहज जातो. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस कर्ज बंद. मेडिकलसाठी फेडरल कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलर, एवढंच. वरचे दीड लाख घरातून किंवा खासगी बँकेकडून. अशा वेळी मदतीचं पत्र यायच्या आधीच तुम्ही ‘काहीही झालं तरी येणार’ लिहून दिलंत, तर नंतर स्कॉलरशिप मागायला कोणत्या तोंडाने जाणार? ज्यांच्या वडिलांना पूर्ण चेक फाडता येतो त्यांना हे पत्र स्वस्त पडतं. ज्यांचं मॉर्टगेज चालू आहे, धाकट्याचं कॉलेज समोर आहे, त्यांना नाही. एका सीटसाठी दोघांना सारखंच वचन मागणं मला मुळातच पटत नाही.

‘कायद्याने बांधील नाही ना, मग तीन ठिकाणी पाठव’ असा सल्लाही कानावर आलाय. बांधील नाही हे खरं. पण जी मुलगी उद्या पेशंटला खरं सांगणार आहे, तिला डॉक्टरकीच्या दारातच तीन खोटी वचनं लिहायला आपण शिकवायची? एवढंच म्हणायचं असेल की ‘तुमचं कॉलेज मला फार आवडतं’, तर लेटर ऑफ इंटरेस्ट पाठवा. नवी रिसर्च, नवा जॉब असेल तर अपडेट पाठवा. त्यात वचन नसतं.

कॉलेजांकडून माझी अपेक्षा साधी आहे. पत्र वाचता की नाही, वाचत असाल तर कधी आणि कशासाठी, हे प्रत्येकाने वेबसाइटवर दोन ओळींत लिहावं. आज ज्यांच्या घरात आधीच डॉक्टर आहेत त्यांना हे माहीत असतं, आणि ज्यांच्या घरातली ही पहिलीच अर्जदार आहे ती अंदाज बांधत बसते.

कुठल्या कॉलेजने काय कळवलं ते कमेंटमध्ये जरूर लिहा, बाकीच्यांना उपयोग होईल. पैसे घेऊन पत्र लिहून देणाऱ्यांचे नंबर मात्र टाकू नका, डिलीट करेन.