नकाशावरची मोकळी जागा



मध्यंतरी कांजूरमार्गला, स्टेशनच्या पूर्वेकडच्या एका वस्तीत, बायकांच्या बैठकीला गेले होते. विषय पाण्याचा होता. खोली लहान, बायका वीस-बावीस, आणि उकाडा असूनही खिडक्या बंद. एकीला खिडकी उघडू का म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "नको ताई, कचऱ्याचा वास येतो. पाहुणे आले की आम्हालाच लाज वाटते."

बैठक सुरू होण्याआधी आम्ही पाहणीचे अर्ज भरून घेत होतो. सत्तरी ओलांडलेल्या एका आजींचा अर्ज त्यांची सून सांगत होती. व्यवसायाच्या रकान्याशी आलो तेव्हा सून म्हणाली, "काही नाही लिहा. घरीच असतात." आजी तटकन उठून बसल्या. "घरी कधी होते गं मी? लग्न झालं तशी आगरावर गेले. तुझ्या नवऱ्याला झोळीत टाकून मीठ वाहिलंय." मी गमतीनं म्हटलं, "आजी, मीठ तर समुद्रातून येतं." त्यावर त्या म्हणाल्या, "येतं? आपोआप येतं का? पिकवायला लागतं!"

अर्जात शेतमजूर होतं, कामगार होतं, गृहिणी होतं. मीठ पिकवणारीसाठी रकाना नव्हता. मी 'इतर' वर खूण केली. घरी आल्यावर त्या खुणेनं माझी झोप उडवली, कारण तो अर्ज आम्हीच तयार केलेला होता.

शेतजमीन वाचवायची आणि स्थानिक नियोजन लोकांच्या हाती यायला हवं, असं आपण शिबिरांमधून बोलतो. पण शेतजमीन म्हटलं की डोळ्यांपुढे घाटावरचं शिवार येतं, मुंबई येत नाही. कांजूर, भांडुप, नाहूर, मुलुंड हा पट्टा मात्र कामाच्या जमिनीचाच पट्टा. खाडीच्या बाजूला मिठागरं, त्यांच्या अलीकडे गावठाणांची भातशेती, आणि पुढे पश्चिमेला आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गालगत एकामागून एक उभे राहिलेले कारखाने. भाताची खाचरं कारखान्यांनी आणि वसाहतींनी गिळली. पुढे बरेच कारखानेही बंद पडले आणि त्यांच्या जागी टॉवर आले. उरली ती मिठागरं. मुंबईत त्यांची जमीन पाच हजार एकरांहून अधिक भरते.

मिठागर हे शेतच आहे. बांध घालायचा, भरतीचं पाणी आत घ्यायचं, वाफ्या-वाफ्यातून ते फिरवत आटवायचं, तळ चोपून घट्ट करायचा, मीठ ओढायचं, डोक्यावरून वाहून ढीग लावायचे. पावसाळा सरल्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंतचा हा हंगाम. 'आगर' या शब्दातूनच आगरी समाजाला नाव मिळालं असं मानतात. १९३० साली वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींनी धडका दिल्या, तेव्हा कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्यासारख्या कार्यकर्त्यांबरोबर कितीतरी बायका पुढे होत्या. तो इतिहास आपण अभिमानानं सांगतो. पण त्या मिठागरांवर रोज मीठ वाहणाऱ्या बायकांचं नाव त्या इतिहासात नाही आणि जमिनीच्या कागदावरही नाही. बरीचशी जमीन केंद्राच्या मीठ आयुक्तांकडे, ती भाडेपट्ट्यानं दुसऱ्याकडे, त्याच्याखाली मुकादम आणि सगळ्यांत खाली मजूर. मजूर बाईच्या नावावर ना वाफा, ना टोपली.

ज्यांचं नाव कागदावर नसतं त्यांची जमीन नकाशावर मोकळी दिसते. हेच मला या अंकाच्या निमित्तानं सांगायचं आहे.

कांजूरची गेल्या काही वर्षांतली हकीगत पाहा. खाडीकाठची ११९.९१ हेक्टर जमीन २००८ साली अधिसूचना काढून संरक्षित वन ठरवली गेली. डिसेंबर २००९ मध्ये 'चूक झाली होती' असं म्हणून ती वगळली, आणि पुढे तिथे मुंबईचा कचरा पडू लागला. २०१८ मध्ये मुलुंडची कचराभूमी बंद झाली तसा हा भार आणखी वाढला. 'वनशक्ती' संस्थेच्या याचिकेवर मे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ही जमीन संरक्षित वनच आहे असा निकाल दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. जमीन तीच, पण सतरा वर्षांत ती वन झाली, वन नाहीशी झाली, कचराभूमी झाली, पुन्हा वन झाली आणि पुन्हा अधांतरी लोंबकळली. खिडकी बंद करून बसणाऱ्या बाईला यातल्या एकाही वेळी कुणी विचारलं नाही.

मेट्रोच्या कारशेडचं तसंच. आरेतलं जंगल वाचावं म्हणून २०२० च्या ऑक्टोबरात कारशेड कांजूरला हलवायचं ठरलं आणि १०२ एकर जमीन देण्यात आली. ही जागा मीठ खात्याची, असं केंद्र म्हणालं. राज्य म्हणालं, आमची. १६ डिसेंबर २०२० ला उच्च न्यायालयानं काम थांबवलं आणि २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर कारशेड परत आरेत गेलं. जमीन कुणाची यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. तिच्यावर कुणी काम केलं, हा प्रश्न त्या भांडणात आलाच नाही. आरेसाठी आपल्यापैकी अनेकजणी रस्त्यावर उतरल्या होत्या, मीही होते. कांजूरचं नाव पर्याय म्हणून निघालं तेव्हा 'ती जागा तर मोकळीच आहे' असं मीही म्हटलं होतं, हे कबूल करायला हवं.

मग ३० सप्टेंबर २०२४ ला राज्य मंत्रिमंडळानं कांजूर, भांडुप आणि मुलुंडची २५५.९ एकर मिठागराची जमीन धारावी पुनर्विकासातल्या भाड्याच्या घरांसाठी घ्यायला मंजुरी दिली. धारावीत जे 'अपात्र' ठरतील त्यांच्यासाठी ही घरं. देवनारच्या कचराभूमीचीही १२४ एकर जागा याच कामासाठी ठरवली गेली. हे निर्णय झाले तेव्हा महापालिकेत एकही नगरसेविका नव्हती. अर्ध्या जागा बायकांना राखीव असलेल्या या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचा कारभार चालला.

बैठकीत मी हे सांगू लागले तेव्हा एका तरुण मुलीनं मला अडवलं. ती म्हणाली, "ताई, माझी मावशी धारावीत पोटमाळ्यावर राहते. तिला घर मिळत असेल तर तुम्ही नाही म्हणणार का?" प्रश्न टोचणारा आहे आणि तो टाळून पर्यावरणाची बाजू घेणं मला जमणार नाही. मावशीला घर हवंच. पण ते कुठे, याचाही विचार व्हायला हवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी घरात पाणी शिरलेल्या बाईला मिठागराची किंमत सांगावी लागत नाही. भरतीच्या वेळी पाऊस पडला की पाण्याला पसरायला हीच सखल जमीन असते. ती भरून त्यावर घरं बांधली, तर पाणी आधी त्या घरांत आणि मग मागच्या वस्त्यांत शिरणार. शिवाय धारावीतली बाई घरातच पापड लाटते, शिवणकाम करते, चार घरची धुणीभांडी चालत जाऊन करते. तिला कांजूरला आणून ठेवलं तर छप्पर मिळेल, पण काम तुटेल. पात्र-अपात्र ठरवताना तिच्या कामाचा रकाना पाहतं कोण? म्हणजे मिठागरावरची आजी आणि धारावीतली मावशी एकमेकींच्या विरोधात नाहीत. दोघींचं काम मोजलं जात नाही, म्हणून दोघींना कुठूनही उचलून कुठेही ठेवता येतं.

कायद्याची भाषाही अशीच. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांतून भाताची खाचरं आणि मिठासाठी बांधलेल्या जागा दोन्ही वगळल्या आहेत, कारण त्या माणसानं केलेल्या आहेत. शेतजमिनीच्या संरक्षणात मिठागर बसत नाही आणि पाणथळ म्हणूनही नाही. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्यात 'ना विकास क्षेत्रा'तल्या जमिनींना 'विशेष विकास क्षेत्र' असं नाव मिळालं. नाव बदललं की नकाशावरचा रंग बदलतो, आणि रंग बदलला की बुलडोझरची वाट मोकळी होते.

पेण तालुक्यातली आठवणही ताजी ठेवायला हवी. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी रायगडच्या गावांची जमीन संपादन करायचा घाट होता. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या गावांनी सुपीक जमीन सोडायला नकार दिला. प्रा. एन. डी. पाटील, उल्का महाजन अशांच्या साथीनं लढा उभा राहिला आणि २१ सप्टेंबर २००८ ला सरकारला २२ गावांत शेतकऱ्यांचा कौल घ्यावा लागला. लोकांनी जमीन द्यायला साफ नकार दिला आणि प्रकल्प बारगळला. मोर्च्यांत बायका बिनीवर होत्या. पण कौल मागितला गेला तो खातेदाराचा. ज्या बाईनं लावणी केली, आणि सातबाऱ्यावर जिचं नाव नाही, तिचं मत कुठे गेलं?

मोजणी बदलता येते, हेही आपण पाहिलेलं आहे. १९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नाला एक ओळ जोडली गेली: शेतावर किंवा घरच्या उद्योगात केलेलं बिनमोबदला कामही धरावं. स्त्री-चळवळीनं त्यासाठी पाठपुरावा केला होता. नियोजनातही असं झालं आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या आराखड्याचा मसुदा आला तेव्हा हजारो हरकती गेल्या. 'हमारा शहर विकास नियोजन अभियाना'तून वस्त्यावस्त्यांतले लोक नकाशे वाचायला शिकले. चुका इतक्या निघाल्या की एप्रिल २०१५ मध्ये सरकारनं मसुदा नव्यानं करायला सांगितला.

म्हणून गटागटांना माझं सांगणं आहे. आपापल्या वॉर्डाचा किंवा गावाचा आराखडा मिळवा आणि बैठकीत जमिनीवर पसरा. बायका कुठे काम करतात ते त्यावर लाल पेन्सिलनं भरा: मिठागर, भाजीचा तुकडा, मासळी सुकवण्याची जागा, कचरा वेचण्याची जागा, सरपण आणि पाण्याची वाट. जिथे सरकारी नकाशा रिकामा आहे तिथे आपला नकाशा भरलेला दिसेल. १९६६ च्या नगररचना कायद्याखाली आराखडा किंवा त्यातला फेरबदल जाहीर झाला की हरकती-सूचनांसाठी मुदत असते. जाहिरात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते आणि मुदत संपते. प्रत्येक गटात एकीनं तरी या जाहिरातींवर नजर ठेवावी. हरकत साध्या कागदावर मराठीत लिहून देता येते. पोच मात्र घ्यावी. सुनावणीची नोटीस वस्तीत लागावी आणि सुनावणी बायकांना येता येईल अशा वेळी व्हावी, अशी मागणी लेखी करा. आणि घराच्या, शेताच्या कागदावर बाईचं नाव लावून घेण्याचं काम थांबवू नका.

आमच्या पाहणीचा अर्ज आम्ही बदलला आहे. व्यवसायाच्या जागी आता लिहिलं आहे: 'आजवर कोणकोणतं काम केलं, आणि कुठल्या जमिनीवर?' पुढच्या बैठकीला आजींचा अर्ज पुन्हा भरायचा आहे. तुमच्या भागातल्या अशा आजींना हा प्रश्न विचारा आणि त्या काय सांगतात ते आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यांचा नकाशा छापू.