डाळींचे घोडे प्रयोगशाळेतच अडते

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. मग तूर आणि हरभऱ्याचे असे वाण कधी येणार? डाळींचे उत्पादन आणि खप दोन्हींत आपण जगात पहिले, तरीही डाळ आयात करावी लागते. त्यामुळे हा प्रश्न थेट आपल्या ताटाशी जोडलेला आहे.

पिकात जनुकीय बदल करताना दोन टप्पे असतात. पहिला, नवे जनुक किंवा संपादनाची सामग्री पेशीत पोहोचवणे. हे काम बहुधा ॲग्रोबॅक्टेरियम हा मातीतला जिवाणू करतो. स्वतःच्या डीएनएचा तुकडा वनस्पतीच्या पेशीत घुसवण्याची कला त्याला निसर्गतःच अवगत आहे. दुसरा टप्पा, बदललेल्या पेशीपासून अख्खे रोप वाढवणे. भात इथे सहज साथ देतो, कडधान्ये अडून बसतात. कोंब फुटत नाहीत, फुटले तर मुळे धरत नाहीत. हरभऱ्याच्या अशा कोंबांचे अनेकदा दुसऱ्या रोपावर कलम करावे लागते. शंभर प्रयत्नांतून एखाद-दुसरे रोप हाती लागते. शिवाय एका वाणावर जमलेली पद्धत दुसऱ्यावर चालेलच असे नाही.

तरीही हे अशक्य नाही. शेंगा पोखरणाऱ्या अळीला तोंड देणारी बीटी चवळी नायजेरियाने २०१९ मध्ये लागवडीसाठी मंजूर केली. त्यामागे ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ आणि आफ्रिकी संस्थांची अनेक वर्षांची मेहनत होती. आता ‘बेबी बूम’, ‘वुशेल’ यांसारख्या वाढीला चालना देणाऱ्या जनुकांची मदत घेऊन रोप लवकर उभे करण्याचे प्रयत्न सुरू आहेत. बियाण्यातील अंकुराच्या टोकावरच थेट बदल करून ऊतिसंवर्धनाचा लांबलचक टप्पा आखूड करण्याचीही धडपड आहे.

मात्र पद्धत सुधारली म्हणजे प्रश्न सुटला, असे नाही. मार्च २०२२ पासून भारतात परके जनुक न उरणाऱ्या संपादित पिकांना जीएम पिकांच्या कडक नियमांतून सूट आहे. पण विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याला फवारणीच्या खर्चात लोटणाऱ्या घाटे अळीवरचा बीटी उपाय म्हणजे परकेच जनुक. त्याला ही सूट नाही, आणि बीटी वांग्यावर २०१० मध्ये आलेली स्थगिती सर्वांना आठवते.

दुसरी गोष्ट पैशाची. हरभऱ्याचे बियाणे शेतकरी घरचेच राखू शकतो. त्यामुळे खासगी कंपन्यांना त्यात फारसा नफा दिसत नाही. हे संशोधन सरकारी संस्था आणि कृषी विद्यापीठांनाच करावे लागेल, तेही वर्षानुवर्षे चिकाटीने. डाळीत स्वयंपूर्ण व्हायचे तर लागवडीचे क्षेत्र आणि हमीभाव यांच्या जोडीला या प्रयोगशाळांकडेही लक्ष द्यायला हवे.