जन्मतारखेचे वय आणि शरीराचे वय



काही महिन्यांपूर्वी एक गृहस्थ आपल्या आईला तपासणीसाठी घेऊन आले. आईंचे वय 71, चिरंजीवांचे 44. आईंचा रक्तदाब उत्तम होता. हाताचा आधार न घेता त्या खुर्चीतून सहज उठल्या. निघता निघता म्हणाल्या, “डॉक्टर, जरा ह्याचंही बघा. दोन जिने चढला की धापा टाकतो.”

“अगं आई, माझं काय वय आहे का हे?” असे म्हणत चिरंजीवांनी नाइलाजाने बाही वर केली. दोन-तीनदा मोजूनही रक्तदाब 164/102 भरला. पुढे रक्तातील साखरही वाढलेली आढळली.

वय दोन प्रकारचे असते. जन्मतारखेपासून मोजले जाते ते कालक्रमिक वय. ते सर्वांचे सारख्याच गतीने वाढते. दुसरे जैविक वय, म्हणजे रक्तवाहिन्या, फुप्फुसे, मूत्रपिंडे, स्नायू प्रत्यक्षात किती झिजले आहेत त्याचा अंदाज. न्यूझीलंडमधील ड्यूनेडिन येथे 1972-73 मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास अनेक दशके सुरू आहे. ही मंडळी 38 वर्षांची असताना रक्तदाब, साखर, फुप्फुसांची क्षमता, मूत्रपिंडांचे कार्य इत्यादींवरून त्यांचे जैविक वय काढण्यात आले. कुणाचे 28 भरले, तर कुणाचे चक्क 61!

डीएनएवरील रासायनिक खुणांवरून वय सांगणाऱ्या महागड्या चाचण्यांविषयी आपण मला विचारता. संशोधनासाठी त्या मोलाच्या आहेत. परंतु एका व्यक्तीचे उपचार त्यावरून ठरवावेत इतक्या त्या अद्याप भरवशाच्या नाहीत. त्यापेक्षा साध्या गोष्टी पाहाव्यात.

कमरेचा घेर पुरुषांत 90 व स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या आत असावा. तिशीनंतर रक्तदाब व साखर वेळोवेळी तपासावी. साठीच्या वाचकांनी भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसून, हात छातीवर दुमडून, 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. 60 ते 64 या वयात पुरुषांना किमान 14, स्त्रियांना किमान 12 वेळा जमायला हवे. जवळ कुणीतरी असावे. चक्कर येत असल्यास वा गुडघे फार दुखत असल्यास हा प्रयोग करू नये.

आकडे मनासारखे आले नाहीत, तर खचून जाऊ नये. जन्मतारीख बदलता येत नाही. झिजेची गती मात्र कमी करता येते. तंबाखू सोडणे, आठवड्यातून किमान 150 मिनिटे भरभर चालणे, दोन दिवस स्नायूंना ताकदीचा व्यायाम देणे, पुरेशी झोप घेणे आणि दिलेली औषधे मनाने बंद न करणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

त्या गृहस्थांचा रक्तदाब आता आटोक्यात आहे. मायलेक रोज सकाळी फिरायला जातात. “आई अजूनही पुढेच असते,” असे ते स्वतःच हसत सांगतात.

आईवडिलांना दवाखान्यात नेणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला म्हणूनच एक विनंती: त्यांची तपासणी झाली की एकदा आपलीही बाही वर करावी.