‘नथिंग’ म्हणजे शून्य नव्हे

इंग्रजी साहित्याविषयी मराठीत लिहिताना ‘शून्य’ हा शब्द फार सैल हाताने वापरला जातो, अशी आमची जुनी तक्रार आहे. ‘नथिंग’ दिसले की शून्य, ‘निल’ दिसले की शून्य, आणि ‘झीरो’ तर शून्यच. प्रत्यक्षात इंग्रज माणूस हे शब्द सहसा एकमेकांच्या जागी ठेवत नाही. फुटबॉलमध्ये तो ‘टू-निल’ म्हणतो, टेनिसमध्ये ‘लव्ह’. क्रिकेटमध्ये फलंदाज ‘डक’वर बाद होतो. (हे बदकाचे अंडे आपल्या भोपळ्याचे सख्खे भावंड.) दूरध्वनीचा क्रमांक सांगताना तोच अंक ‘ओ’ होतो. जेम्स बाँड तिकडे ‘डबल-ओ-सेव्हन’ असतो. ‘झीरो झीरो सेव्हन’ तो आपल्याकडे होतो.

‘झीरो’ हा या घरात उशिरा आलेला पाहुणा. संस्कृत ‘शून्य’चा अरबी अनुवाद ‘सिफ्र’. त्यावरून इटालियनमार्गे सुमारे 1600 च्या आसपास तो इंग्रजीत पोहोचला. त्याच ‘सिफ्र’पासून निघालेला ‘सायफर’ त्याआधीच तेथे रुळला होता. पण हे सारे अंकांचे जग झाले. ‘नथिंग’चे कुळ निराळे आणि तेथेच खरी अडचण आहे.

मराठीत निषेध क्रियापदाकडे असतो: ‘काही झाले नाही’. इंग्रजीत तो नामात शिरतो आणि क्रियापद होकारार्थीच राहते. त्यामुळे ‘नथिंग’ किंवा ‘नोबडी’ कर्त्याच्या जागी ऐटीत बसू शकतात. लुइस कॅरलच्या ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’मध्ये (1871) रस्त्यावर आपल्याला कोणी दिसत नाही असे ॲलिस सांगते, तेव्हा राजाला तिच्या दृष्टीचा हेवा वाटतो: ‘कोणी नाही’ला पाहू शकणारे डोळे! मराठीत हा विनोद उभा करताना घाम फुटतो.

‘किंग लिअर’मध्ये याच व्याकरणातून शोकांतिका सुरू होते. बहिणींहून अधिक समृद्ध वाटा मिळवण्यासाठी तू काय बोलशील, असे लिअर विचारतो आणि कॉर्डेलिया एका शब्दात उत्तर देते: ‘नथिंग’. लिअर त्या शब्दाला वस्तू समजून पकडतो आणि अशा वस्तूतून काहीही निपजत नाही, असे बजावतो. ही पकड मराठीत साधावी म्हणून अनुवादकाला ‘शून्य’चा मोह होतो. तो आवरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. कॉर्डेलियाचे अंतःकरण रिते नाही. ती फक्त बोलायला नकार देते आहे. ‘शून्य’ म्हटले की नागार्जुनापासूनचे तत्त्वज्ञान त्या मुलीच्या तोंडी येते आणि साधा, हट्टी नकार नाहीसा होतो. ‘काही नाही’ हेच बरे, मग लिअरचे प्रत्युत्तर किंचित लंगडले तरी चालेल.

गंमत अशी की याच अंकात पुढे विदूषक राजाला शेजारी अंक नसलेला ‘ओ’ ठरवतो. तेथे मात्र अंकच हवा. आणि तेथे मराठीकडे ‘शून्य’पेक्षा सरस शब्द आहे: ‘पूज्य’. आदरणीय या अर्थाचा हा शब्द जुन्या मराठीत शून्याच्या अंकासाठीही रूढ होता. अक्कल पूज्य असल्याचे आपण अजूनही म्हणतो. राज्य देऊन बसलेल्या म्हाताऱ्या राजाला विदूषकाने ‘पूज्य’ म्हणावे, ही सोय खुद्द इंग्रजीतही नाही.