पंख्याच्या पात्यावरचं नाव



आमच्या शेजारच्या वाचनालयात एक पंखा आहे. त्याच्या एका पात्यावर देणगीदाराचं नाव, दुसऱ्यावर गाव आणि तिसऱ्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’. पंखा फिरत असताना त्यातलं काहीच दिसत नाही, वीज गेली की सगळं वाचता येतं. धाराशिवात वाचायची संधी पुष्कळ मिळते.

वर्षभर हा पंखा माझ्या डोक्यात फिरतोय. हिंदी सक्तीवर भांडून झालं, सोयाबीन पाण्यात गेलं. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूमकडे पूर आला, त्यामागून मदतीच्या पिशव्या आल्या, तर त्यांच्यावर पुढाऱ्यांचे फोटो. जिची चूल वाहून गेली, तिनं आधी पीठ बघायचं की चेहरा?

याच सुमारास मी बेने इस्रायलींबद्दल वाचत होतो. धाराशिवचा त्यांच्याशी काय संबंध, असं विचाराल. काही नाही. हे कोकणातले ज्यू. घाणा चालवायची, शनिवारी बंद ठेवायची, म्हणून शनवार तेली. घरात मराठी, आडनावं केहिमकर, दिवेकर. पण बाहेरून आलेली मदत कशी घ्यावी, हे त्यांच्याकडून शिकावं.

जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या त्या ही मंडळी ख्रिस्ती होतील या आशेनं. मंडळींनी हिब्रू घेतलं, ख्रिस्त जवळजवळ सगळ्यांनी परत केला. १८४६ मध्ये तर मुंबईत वल्हांडणाची पोथी मराठी भाषांतरासह छापूनही निघाली. धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात. यांनी मोजले, आणि गायही ठेवून घेतली.

१८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकरांनी मुंबईत इस्रायली शाळा काढली. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशननं तिला आधार दिला. पुढे सर एली कदूरींची मोठी देणगी आली आणि माझगावच्या शाळेवर त्यांचं नाव चढलं. कदूरी बगदादचे, धनाढ्य, दिलदार; त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण फाटकावर केहिमकर कुठे? ज्यानं उंबरे झिजवून वर्गणी गोळा केली, त्याचं नाव पात्यावर लिहायला जागा उरत नाही. त्यांनी १८९७ मध्ये लिहून ठेवलेला समाजाचा इतिहाससुद्धा छापला गेला तो १९३७ मध्ये, तेल अवीवला.

मला सर्वांत जवळच्या वाटल्या त्या याच समाजातल्या डॉ. जेरूशा झिराड. लंडनहून वैद्यकाची पदवी घेऊन आल्या, पुढे कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. लंडनला पाहिलेला उदारमतवादी ज्यू धर्म त्यांना पटला होता. १९२५ मध्ये त्यांनी मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन उभी केली. स्त्री-पुरुषांनी एकत्र बसून प्रार्थना करायची. २०२५ मध्ये तिला शंभर वर्षं झाली. पुढच्याच वर्षी लंडनला प्रागतिक ज्यूंचा जागतिक संघ स्थापन झाला. देशोदेशी विखुरलेल्या अशा लहान मंडळींना वर्ग, पुस्तकं, रब्बी मिळावेत म्हणून पैसा पोचवणारे दाते आजही आहेत. या पैशाला मी चांगला म्हणतो, कारण तो एकच प्रार्थना खरी असं म्हणत नाही. उलट अनुभव बेने इस्रायलींनी घेतलाय. इस्रायलमध्ये गेल्यावर तिथल्या धर्मपीठानं लग्नाआधी त्यांच्या आजी-पणजीची चौकशी मांडली. रस्त्यावर उतरावं लागलं, तेव्हा कुठे १९६४ मध्ये संसदेनं त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मानलं. मलिद्याचं ताट मात्र त्यांनी कुणासाठी उचललं नाही. गूळ-खोबरं घातलेले गोड पोहे, भोवती फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं नाव.

हे सगळं सांगायचं कारण तुम्ही ताडलं असेल. जूनमध्ये एक सद्गृहस्थ आले. आमच्या या अंकाचा कागद त्यांच्याकडून, अट एवढीच, की पहिल्या पानावर फोटो आणि ऊसतोडणीच्या टोळ्यांवरचा लेख बाहेर. चहा पाजून त्यांना परत पाठवलं. बिस्किटं त्यांनीच आणली होती, तीही संपवली.

अंकाचा विषय ‘देणं’ आहे. ऊसतोडणीचा लेख पान ३१ वर आहे. अंकाची किंमत वीस रुपयांनी वाढली आहे. कुरकुर करा, पण विकत घेऊन.