हसलात ना? मग आता सही कोण करणार?

आमच्या गावातल्या एका लेखिकेनं आपल्या विनोदी कादंबरीचं जाहीर वाचन केलं. एका घरात राहणाऱ्या चौघीजणी: एक विधवा, एक नवऱ्यानं टाकलेली, दोघी एकमेकींच्या जोडीदार. त्यांची भांडणं ऐकून सभागृह पोट धरून हसलं. मीही हसले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "छान करमणूक झाली. अर्थात, प्रत्यक्षात अशी घरं नसतात."

नसतात? मैत्रिणींनो, आपल्या बैठकांना येणाऱ्या कितीजणी अशाच घरात परततात! आणि 'मानलेली बहीण' हा शब्द काही परदेशातून आलेला नाही. नातं मानता येतं हे आपल्या भाषेला कळतं. कायद्याला कळत नाही.

हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६चं कलम १५ वाचा. बाईनं मृत्युपत्र केलं नसेल तर तिच्या स्वकष्टाच्या मिळकतीवर पहिला हक्क मुलांचा आणि नवऱ्याचा. घटस्फोट झाला नसेल तर वीस वर्षं तोंड न दाखवलेला नवराही वारस! ही मंडळी नसतील तर नवऱ्याचे वारस. तिचे स्वतःचे आईवडील त्यांच्यानंतर. आणि जिनं दुखण्यात उशाशी रात्री काढल्या ती मैत्रीण? तिचं नाव यादीतच नाही.

लग्न हाच कुटुंब उभं करण्याचा एकमेव मार्ग नाही, असं मद्रास उच्च न्यायालयानं मे २०२५मध्ये म्हटलं. चांगलंच झालं. पण इस्पितळाच्या खिडकीवर अजून विचारतात, "पेशंटचं नातेवाईक कोण?" मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७नुसार आजारी व्यक्ती कोणाही सज्ञान माणसाला आपला प्रतिनिधी नेमू शकते, रक्ताचं नातं लागत नाही. मनाच्या आजाराला जे चालतं, ते गर्भाशयाच्या ऑपरेशनला का चालू नये? ही मागणी आपण संघटनांनी लावून धरायला हवी.

विनोदाला माझा विरोध नाही. लेखिकेनं या बायकांना बिचाऱ्या केलं नाही, याचा आनंदच आहे. पण हसून झाल्यावर 'अशी घरं नसतात' म्हणणं ही पळवाट आहे. ज्या घराचं अस्तित्वच नाकारलं, त्याला हक्क द्यावे लागत नाहीत.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर प्रत्येकीनं मृत्युपत्र करावं. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि त्यांच्याही सह्या घ्यायच्या. पुढच्या बैठकीला कागद-पेन घेऊनच या.